बिडीभर थांबणारा मामा

माझ्या लाडक्यामामाच्या घराला आग लागली तेव्हा तो ओट्यावर बिडी ओढत बसला होता, असं मासवण गावात आजही कोणीही सांगेल. यात अर्धं खोटं आहे. आग घराला नव्हे, मागच्या पेंढ्याच्या उडवीला लागली होती. बिडी मात्र खरी. मामी हंड्यावर हंडे ओतत होती, शेजारपाजारचे हिरव्या फांद्यांनी झोडपत होते, आणि मामा म्हणत होता, "थांबा रे, बिडीभर थांबा. कुठं जाते ती बगू द्या आदी." आग कुठेही गेली नाही. उडवी जळून संपली आणि आग विझली. मामाने ते स्वतःच्या हुशारीत जमा केलं.

लाडक्या हे त्याचं खरं नाव. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने हौसेने ठेवलेलं. पुढे त्याच्यात लाड करण्यासारखं काही उरलं नाही. हाडं मोठी, बोलणं थोडं, मिशा बिडीने पिवळ्या पडलेल्या, आणि बोलताना डावा डोळा मिटायची खोड. नवख्या माणसाला वाटायचं, हा डोळा मारतोय. पालघरच्या बाजारात एका मासेवालीने त्याला त्याबद्दल मासे कापायचा कोयता दाखवला होता. मामा तिथेही पळाला नाही. तिचा राग जरा बसू दे म्हणून तो टोपलीसमोर उकिडवा बसला, आणि ती अजूनच भडकली.

डोळा मिटायची खोड नेम धरून धरून लागलेली. मामा तरुणपणी शिकारी होता. बंदुकीचा नव्हे, कामठ्याचा. बांबूच्या धनुष्याला आमच्याकडे कामठा म्हणतात. आता शिकार बंद आहे. कायदा आहे, जंगलखातं आहे, आणि मुख्य म्हणजे मारावं असं जनावर रानात फारसं उरलेलंच नाही. कामठा आढ्याला टांगलेला असतो आणि त्याच्यावर मामी मिरच्यांची माळ अडकवायची.

पण कामठ्याचा एक नियम मामाच्या हाडात शिरला होता. तीर लागला तरी जनावर जागेवर पडत नाही. भेकर असो की डुक्कर, ते उसळी मारून झाडीत घुसतं. नवशिका लगेच पाठी धावतो, आणि इथेच घोटाळा होतो. पाठलाग झाला की जनावर जीव असेपर्यंत पळतं, डोंगर ओलांडतं, आणि मग कोणाच्याच हाती लागत नाही. जाणता माणूस तीर मारला तिथेच खाली बसतो आणि बिडी पेटवतो. पाठीवर कोणी नाही असं कळलं की जनावर जवळच कुठेतरी बसतं. एकदा बसलं की त्याचे पाय आखडतात. मग सावकाश रक्ताच्या थेंबांवरून माग काढत जायचं. रक्त लाल आणि फेसाळ असेल तर एक बिडी पुरते. काळपट असेल तर तीर पोटात लागलाय असं समजायचं, आणि अख्खी दुपार जाऊ द्यायची. "लागलेलं जनावर उठवायचा नाय," मामा सांगायचा. "उठवलास की गेलं." आणि वर छाती पुढे काढून, "माझा लागलेला एकपण हरवला नाय."

इथवर ठीक होतं. पण मामाने हा नियम सगळ्या जगाला लावला. सुटलेल्या एसटीच्या पाठी तो कधी धावला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी त्याच्या डोळ्यांसमोरून गाडी गेली, तेव्हाही तो नाक्यावर शांतपणे बसला. लग्न मामावाचून अडलं, भटजी घड्याळ बघून घामाघूम झाला, आणि माझी आई भावाच्या नावाने जे काही बोलली ते मुलीकडच्यांनी वऱ्हाडासमोर बोलायचं नसतं. मामा आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. "गाडी परत येतेच," तो म्हणाला. "नवरी नाय येत परत," आई म्हणाली.

मी पालघरला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. मामा बाजाराला आला की दुकानात डोकावायचा आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसून जायचा. एकदा एक बाई चष्मा काउंटरवर विसरून गेली. मी चष्मा घेऊन धावणार, तेवढ्यात मामाने मागून माझा शर्ट पकडला. "उठवू नको," तो म्हणाला. मी म्हटलं, मामा, ती बाई आहे, भेकर नाही. त्याने सोडलं नाही. थोड्या वेळाने ती बाई स्वतःच परत आली. तेव्हापासून मामाने मला ती गोष्ट इतक्या वेळा ऐकवली की मला त्या बाईचाच राग येऊ लागला.

हे सगळं आम्हाला हसण्यावारी नेता येत होतं, दिनेश जाईपर्यंत.

दिनेश त्याचा एकुलता एक मुलगा. बारावी झाला आणि बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. मासवणहून रोज जाऊन-येऊन करायचा. मशिनवर हिंदी बोलायचा, घरी आला की आईशी आमच्या बोलीत. एके दिवशी त्याचा उजवा हात मशिनमध्ये गेला. तीन बोटं गेली. ठेकेदाराने दवाखान्याचं बघितलं आणि त्यानंतर फोन उचलणं सोडून दिलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा मामा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता आणि त्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होता. मला बाहेर नेऊन म्हणाला, "कामठ्याची दोरी ओढायची तीच बोटा गेली रे." पोराला मात्र तो एक शब्दही बोलला नाही.

घरी आणल्यावरही नाही. दिनेश भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मामी त्याच्याशी बोलायची, रडायची, देवाला कोंबड्याचा नवस बोलायची. मामा ओट्यावर. मी त्याला म्हटलं, पोराजवळ जाऊन बस जरा, चार शब्द बोल. तो म्हणाला, "लागलेलं हाय ते. बसू दे त्याला." मला वाटतं, त्याला खरोखरच असं वाटत होतं की तो पोराची काळजी घेतोय. पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोराला मागचं काय दिसणार? त्याला वाटलं, आपण बापाला नकोसे झालो.

मग ती सकाळ. दिनेशला डाव्या हाताने भाकरी मोडता येईना. मामीने घास करून त्याच्या तोंडापुढे धरला, लहानपणी धरायची तसा. तो ताटावरून उठला आणि चपला घालून चालू लागला. मामी दारातून ओरडली, "जा रे त्याच्या पाठी! जा की!" मामा उठला नाही. त्याने बिडी पेटवली. "आता गेलो पाठी तर पळंल तो," म्हणाला. "जवळच बसंल कुठंतरी. मंग आणतो." एक बिडी झाली. पोराच्या डोळ्यांत त्याने जे पाहिलं होतं, ते त्याला पोटात तीर लागलेल्या जनावराच्या रक्तासारखं काळपट वाटलं असावं. त्याने दुसरी पेटवली. मग तिसरी.

मग तो माग काढत निघाला. शेताच्या बांधावरून चपलांचे ठसे अगदी स्वच्छ होते, एके ठिकाणी दिनेश खरोखरच बसलाही होता. गवत दबलेलं होतं, बाजूला मोडलेल्या काड्या पडल्या होत्या. मामा हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. पोरगा बसला होता. वाट बघत होता, आणि मग उठला होता. तिथून ठसे मनोरच्या रस्त्याला लागले. पुढे डांबर. डांबरावर माग लागत नाही.

फोन तो घरीच ठेवून गेला होता. पोलिसांत आम्ही तक्रार दिली. सज्ञान मुलगा आहे, येईल, म्हणाले.

त्या दिवसापासून मामीने मामाशी बोलणं टाकलं. घरात दोघंच, त्यामुळे अडचण व्हायची. ती कोंबडीशी बोलायची. "सांग तुज्या मालकाला, भाकर थंड होते." मामाही कोंबडीमार्फतच उत्तर द्यायचा. मी एकदा गेलो असताना दोघांचं घरपट्टीवरून भांडण लागलं आणि ती बिचारी कोंबडी मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होती. मी हसलो. मामीही पदर तोंडाला लावून हसली, आणि तसंच हसताहसता रडायला लागली. पावसाळ्यानंतर तिला ताप आला. खाट दाराकडे तोंड करून टाकायला लावली तिने. मी पालघरहून औषधं नेत होतो, सलाईन झाली, पण तिने मनातूनच सोडून दिलं होतं. जाताना तिने मामाकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत होती.

मला मामाचा राग यायचा. तो मी लपवत नव्हतो. मामी गेल्यावर तो दर आयतवारी माझ्या खोलीवर यायचा, मुकाट जेवायचा आणि जेवण होताच "मागावर जातो" म्हणून निघायचा. "लागलेलं जनावर पाण्याला जातं," हे त्याचं म्हणणं. सूर्या नदीचा काठ झाला, तलाव झाले, बंधारे झाले. मी ऐकून घ्यायचो आणि ताटं उचलायचो.

मग एका आयतवारी तो धुतलेला शर्ट घालून आला, दाढी करून. पुढच्याही आयतवारी तसाच. आणि त्याच्या पुढच्या वेळी जेवण झाल्यावर म्हणाला, "चल माझ्याबरोबर. तुझी नजर बरी हाय."

आम्ही केळव्याला गेलो. समुद्रावर मुंबईची माणसं आली होती, घोडे, उंट, भेळेच्या गाड्या, पोरांची आरडाओरड. मामा त्या गर्दीत शिरलाच नाही. कडेने सुरूच्या बनात गेला आणि एका झाडाच्या बुंध्याशी बसला. तिथली सुरूची काटकं त्याने बाजूला सारलेली होती. ती जागा त्याच्या नेहमीच्या बैठकीची दिसत होती. त्याने वाळूपलीकडे बोट केलं.

"त्या शहाळ्यांच्या गाडीवर. दिसतो?"

दिनेश होता. डाव्या हातात कोयता, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी आणि पंजाने शहाळं दाबून धरलेलं.

मी म्हटलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पाण्याला जातो, बोललो नव्हतो?" मामा डावा डोळा मिटून म्हणाला. मग जरा वेळाने खरं सांगितलं. बाजारातल्या त्याच मासेवालीने, कोयता दाखवणाऱ्या, सांगितलं होतं की केळव्याला तुमच्याकडचा एक बोटं गेलेला पोरगा शहाळी विकतो. "कसा दिसतो सांग," तो म्हणाला. "मला अंग दिसतं, तोंड नाय दिसत. डोळ्यात मोतीबिंदू हाय. सुकलाय काय?"

"नाही. भरलाय. काळा झालाय उन्हाने. दाढी ठेवलीये."

"हसतो?"

"गिऱ्हाइकाशी बोलताना हसतो."

मामाने मान हलवली. त्याला आणखी हवं होतं, पण मी उठलो. म्हटलं, पुरे झालं. चल, हाक मार त्याला. त्याने माझा शर्ट पकडला.

"बसलंय ते आता. जवळ गेलो की उठंल."

"मामा, तुझं तर एकही हरवलं नाही ना कधी? मग भितोस कशाला?" मी हे टोमण्याने बोललो होतो.

तो वाळूत बोटाने रेघा ओढू लागला. "सगळीच हरवत होती रे," तो म्हणाला. "गावलेली थोडी. गावली त्याची गोष्ट सांगतात लोक. हरवली त्याची काय सांगणार? कुठंतरी काट्यात पडून मरायची. दोन दिसांनी वर गिधाडं फिरली की कळायचं, हां, तिथं पडलंय. मी गेलो पाठी लवकर, तरी हरवली. थांबलो, तरी हरवली. कवा जायचा ते कोणालाच ठाऊक नसतं. उगाच आमी बिड्या मोजतो."

मग तो म्हणाला, "आनि पयला तो आयचा विचारंल. काय सांगू? तुज्यासाठी मेली सांगू? एकदा लागलाय त्याला. मी अजून एक मारू?"

म्हणजे हे होतं. शिकारीचा नियम वगैरे त्याने पांघरून घेतलेलं होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी त्याचा हात शर्टावरून काढला आणि सरळ गाडीवर गेलो.

दिनेशने मान वर केली. "दादा," तो म्हणाला, मी जणू गेल्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. "पाणीवालं की मलईवालं?"

"घरी चल, दिनेश."

त्याने एक शहाळं उचललं, गाडीवर टेकवलं, आणि कोयत्याच्या एका घावात तोंड उडवलं. "बा बसलाय ना सुरूत? बगतो मी. गर्दी कमी असली की वाकून बसतो, म्हणजे दिसू नये." त्याने स्ट्रॉ घालून शहाळं माझ्यापुढे सरकवलं. "एकदा मीच गेलो त्याच्याकडं. अर्ध्या वाटंवर होतो तर उठून झाडापाठी गेला. मंग परत आलो. म्हटलं, बसू दे."

"मग तू का नाही हाक मारलीस?"

तो दुसरं शहाळं निवडत होता. एक ठोकून बघितलं, ठेवलं, दुसरं घेतलं. "आय गेली ना?" तो म्हणाला.

मला वाटलं, कोणीतरी सांगितलं असेल. मी विचारलं, कोण बोललं तुला?

"कोण बोलणार? बा एकटाच येतो." त्याने शहाळं गाडीवर टेकवलं पण कोयता उचलला नाही. "आय असती तर ती तिकडं झाडाखाली बसली असती काय, दादा? पयल्याच दिशी आली असती. या घोड्यांमधून, या लोकांमधून, शिव्या देत धावत आली असती. पयल्या आयतवारी तो एकटा बसलेला बगितला, तवाच समजलो."

एक जोडपं शहाळं मागत आलं. त्याने हसून त्यांना दिलं, सुट्टे दिले. मग ते बाजूला ठेवलेलं शहाळं सावकाश कापलं, आतली मलई कोयत्याच्या टोकाने सोडवली आणि करवंटीचा चमचा करून त्यात खोचला.

"हे त्याला दे. मऊ हाय, दात लागणार नाय. मला ठाऊक हाय ते बोलू नको त्याला. त्याला सांगायचं हाय ना, तो येऊन सांगू दे. तवर मी हितंच हाय."

मी दोन्ही हातांत शहाळी घेऊन वाळूतून परत आलो. मामा उभा राहिला होता, एका हाताने झाड धरून. त्याने शहाळं घेतलं, पण प्यायला नाही.

"काय बोलला?"

"मलई मऊ आहे म्हणाला."

"आयचा विचारला?"

"नाही," मी म्हटलं. "विचारलं नाही." यात खोटं काही नव्हतं.

मामा खाली बसला. तो करवंटीच्या तुकड्याने मलई खायला लागला. एक कणही सांडू न देता खाल्ली. मग मिशा पुसल्या, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी वाळूचा अंदाज घेतला, आणि सुरूच्या आणि गाडीच्या मधे कोणाची तरी जुनी होडी उपडी घातलेली होती तिच्याकडे बोट केलं.

"पुढल्या आयतवारी जरा पुढं बसू," तो म्हणाला. "त्या होडीपाशी."